दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन क्रूझवर: तुमचे अनुभव लिहा

मागच्या डिसेंबरात आम्ही मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ केली, तेव्हा आमची लेक २ वर्षं २ महिन्यांची होती. जायच्या आधी मी खूप शोधलं, पण मराठीत कुणी लिहिलेलं सापडलं नाही. जहाजाचे फोटो भरपूर होते. दुपारची झोप, डायपर आणि वरणभात यांबद्दल मात्र कुठे काहीच नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय. चांगलं-वाईट जे घडलं ते मोकळेपणाने लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पहिली मोठी चूक बॅलार्ड पिअरलाच, म्हणजे मुंबईत क्रूझ सुटते त्या धक्क्यावरच झाली. टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या नंतर खोलीवर पोचवतात, हे मला माहीत होतं. पण "नंतर" म्हणजे रात्रीचं जेवण होईपर्यंत, हे माहीत नव्हतं. लेकीचे रात्रीचे कपडे, जादा डायपर, तिची झोपायची गोधडी, सगळं त्या बॅगेत. त्यात रांगेत दोन तास गेले आणि तिची झोपेची वेळ टळली. खोली मिळाली तेव्हा ती रडून रडून लाल झाली होती. पाळणा बुकिंगच्या वेळी सांगून ठेवला होता, तोही खोलीत नव्हता. तीनदा विचारल्यावर रात्री दहाला आला. त्यामुळे कळकळीने सांगते, हातातल्या पिशवीत एका रात्रीचं सगळं सामान ठेवा आणि मुलाला रांगेत उभं राहण्याआधी पोटभर जेवू घाला.

खाण्याचं म्हणाल तर भात, डाळ, दही, इडली मिळाली. पण लेकीला सकाळी नाचणीचं सत्त्व लागतं आणि विजेची किटली किंवा छोटा कुकर जहाजावर नेता येत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात. मी थर्मास नेला होता. जेवणघरातून उकळतं पाणी भरून आणायचं, त्यात भाजलेलं सत्त्व कालवायचं. मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली होती, त्यावर तीन दिवस निघाले. आंघोळीला शॉवरची ती एवढीशी जागा, आणि लेक शॉवरला घाबरते. घरचा प्लास्टिकचा मग नेला होता म्हणून निभावलं.

रात्री मात्र ती जशी झोपली तशी घरीसुद्धा झोपत नाही. इंजिनाची एकसुरी घरघर आणि तो हलका झोका. आम्ही दोघं अंधारात बसून नुसते तिच्याकडे बघत होतो.

सिंगापूरहून, १६ महिन्यांच्या मुलाची आई

आमची चार रात्रींची होती, पेनांग आणि फुकेत. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि समुद्रात सलग बरेच दिवस राहणारी लांबची सफर असेल तर १२ महिने पूर्ण लागतात. हे बुक करण्याआधी बघा. मुलांच्या क्लबच्या जाहिराती पाहून हुरळून जाऊ नका. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा मोफत क्लब ३ वर्षांपासून आहे, आणि मूल शी-शू सांगणारं हवं. त्याहून लहान मुलांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, त्याचे तासाप्रमाणे वेगळे पैसे.

पोहण्याच्या तलावाचंही तसंच. डायपरमधल्या मुलाला उतरू देत नाहीत, पोहण्याचं खास डायपर घातलं तरीही. कारण साधं आहे: तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात आणि एका मुलाच्या जुलाबाने कितीतरी जण आजारी पडू शकतात. नियम मला पटतो, पण सोळा महिन्यांच्या बाळाला ते कसं समजावणार? काही जहाजांवर अगदी लहानांसाठी कारंज्यांचा वेगळा कोपरा असतो. तो आपल्या जहाजावर आहे का, हे आधी विचारा.

मला सगळ्यात आवडलेला दिवस फुकेतचा, आणि मी फुकेतला उतरलेच नाही! फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला जहाज समुद्रातच नांगर टाकतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. ऊन रणरणतं, बाळ कडेवर, बाबागाडी घडी करून हातात. नवऱ्याला आणि सासूबाईंना पाठवलं. जहाज रिकामं झालं होतं. लांबच लांब गालिचा घातलेल्या मार्गिकेत पिल्लू मनसोक्त चाललं. चालायला शिकून त्याला दीडच महिना झाला होता. दुपारी आम्ही दोघं तीन तास झोपलो. बंदरं बघायची असतील तर मूल मोठं झाल्यावर जावं, असं मला मनापासून वाटतं. या वयात जहाज हीच सहल.

सिएटलहून, पावणेदोन वर्षांच्या मुलीचा बाबा

अलास्काची सात रात्रींची केली, जूनमध्ये. आधी कागदपत्रांचं. सिएटलहून निघणारी ही जहाजं बहुधा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. लेक जन्माने अमेरिकन, पण आमचे पासपोर्ट भारतीय, म्हणून आम्हा दोघांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागला. ही गोष्ट शेवटच्या आठवड्यात कळली तर सगळी सुट्टी जाते.

दुसरं, घड्याळ. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण आमची लेक पहाटे पाचला उठणारी, ती चारला उठून बसू लागली. आणि जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ झाली हे तिला पटेना. काळा कपडा आणि चिमटे नेले होते, ते पाळण्याभोवती लावले.

गॅलरीची खोली घ्या, असं मी म्हणेन. पैसे जास्त लागतात, पण मूल आत झोपलं की आईबाबांना बसायला जागा मिळते. गॅलरीतल्या खुर्च्या मात्र कठड्यापासून लांब ठेवायच्या, दाराची वरची कडी कायम लावायची आणि मुलाला तिथे क्षणभरही एकटं सोडायचं नाही. मी रोज रात्री ती कडी दोनदा तपासायचो.

ग्लेशियर बेच्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. हिमनदीचा एक तुकडा कोसळला आणि गडगडाट झाला. लेक घाबरली नाही. हात पुढे करून म्हणाली, "धप्प! पुन्हा!" ती अजून बर्फ दिसला की "धप्प" म्हणते.

नागपूरहून, अडीच वर्षांच्या मुलाची आई

आमचा अनुभव चांगला नाही, तोही लिहिते. जहाजाचं नाव लिहीत नाही. आमचा मुलगा पळणारा आहे. जिने, उघडी डेक, जड दारं. तीन दिवस आम्ही दोघं आळीपाळीने त्याच्या मागे धावत होतो, एकत्र एकदाही जेवलो नाही. रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी, आणि आमची खोली नेमकी त्या हॉलच्या खाली. खोली निवडताना नकाशा बघायला हवा होता: वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी घ्यायची. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. इतके पैसे खर्चून मी घरी आल्यावर रडले. वर्षभर थांबायला हवं होतं.

ठाणे, धागाकर्ती

नागपूरच्या ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलाचा स्वभाव हाच खरा प्रश्न आहे, वय त्यानंतर. आमची लेक एका जागी बसणारी आहे, हे मी वर लिहायला हवं होतं.

नाशिकहून, बालरोगतज्ज्ञ आणि दोन मुलांची आई

"बाळाला बोट लागेल का?" असं पालक नेहमी विचारतात. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात जास्त लागते. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. मोठ्यांच्या उलटीच्या गोळ्या तुकडा करून मुलाला देऊ नका. प्रोमेथाझिन हे उलटीचं औषध तर दोन वर्षांखाली अजिबात नाही. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार औषधं लिहून घ्या. हात साबण-पाण्यानेच धुवा, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

आमच्या धाकटीला दुसऱ्या रात्री ताप आला होता. मी डॉक्टर असूनही, चारही बाजूंना पाणी बघून छातीत धस्स झालं. प्रवास विमा काढला होता, याचा तेव्हा फार आधार वाटला.

मुंबईहून, ७६ वर्षांच्या आजी (नातीने टाइप केलं आहे)

तुम्ही सगळ्या नवीन म्हणून लिहिताय, पण आमच्या कोकणात हे फार जुनं. १९७१ साली दीड वर्षांच्या मुलाला घेऊन मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला गेले होते. डेकवर सतरंजी अंथरायची, चारी बाजूंनी ट्रंका लावायच्या आणि मध्ये मूल. पोळ्या, चटणी आणि त्याच्यासाठी मऊ भाताचा डबा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मे महिन्यात जागा मिळायची मारामार. रात्रभर मी त्याच्या झबल्याचं टोक बोटाला गुंडाळून बसले होते.

गेल्या वर्षी त्याच मुलाने मला गोव्याच्या क्रूझवर नेलं. त्याची नात बरोबर होती, माझी पणती, दोन वर्षांची. पांढऱ्याशुभ्र चादरी, एसी. पहाटे मी तिला घेऊन काचेपाशी बसले आणि किनाऱ्याकडे बोट दाखवून विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी नावं सांगत राहिले. किनारा दिसत नव्हता, तरी सांगितली.

ठाणे, धागाकर्ती

आजी, वाचून डोळे भरून आले. बोट तर समुद्रातच थांबायची ना? मग बाळाला घेऊन पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत, कशा उतरायचात?

आजी

बोटीला खालच्या बाजूला दार असे, त्याला पडाव येऊन लागायचा. लाट आली की पडाव वर, लाट गेली की खाली. खलाशी हात वर करून ओरडायचा, "वयनी, आधी पोर द्या!" पडाव वर आला की त्याच्या हातात मूल द्यायचं. मग पडाव खाली जायचा, मूल तिकडे आणि आपण इकडे. पुढची लाट येईपर्यंत उभं राहायचं.