उन्हाळी सुट्टीत वाचनालयात मुलांसाठी काय करावं? बजेट ८ हजार, सल्ला द्या

वाचनालयवाली_ताई
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं ड वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे ग्रंथपाल आहे. एक हॉल आणि बाहेर पत्र्याची शेड. सकाळी पेपर वाचायला आजोबा मंडळी येतात, पोरं मात्र फिरकत नाहीत. या सुट्टीत मुलांसाठी काहीतरी रोजचं सुरू करायचंय. एका सभासदांनी आईच्या स्मरणार्थ ८ हजार रुपये दिलेत, त्यावर एक रुपया निघणार नाही. दुसरं म्हणजे आमच्या बातम्या गावात पोचतच नाहीत. नवीन पुस्तकं आली, व्याख्यान ठेवलं की फळ्यावर लिहिते, पण फळा आतल्या भिंतीवर आहे, म्हणजे जो आत आलाय तोच वाचणार. कोणी असं काही केलं असेल तर काय घेतलं, काय उपयोग झाला ते सांगा.

मंगळवेढा_एक्सप्रेस
डोळे झाकून प्रोजेक्टर घ्या ताई. आमच्या मंडळाने २२ हजारांचा घेतला, पडदा आणि स्पीकर वेगळे. पहिल्याच संध्याकाळी अंगण भरलं, पोरं तर पोरं त्यांचे वडीलपण खाली सतरंजीवर बसले होते. आजकालच्या मुलांना चित्र हलतं पाहिजे, नुसत्या पुस्तकाला कोणी येत नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन
२२ हजार? ताईंनी ८ लिहिलंय, वाचा तरी. आणि प्रोजेक्टरचं माझ्याकडून ऐका, आमच्या शाळेतला ऐन मे महिन्यात बंद पडला, दुकानदार म्हणे पुण्याला पाठवावा लागेल, परत आला तोवर शाळा सुरू झाली होती. दिवसा उजेडात दिसत नाही, अंधार करायला खिडक्या लावल्या की पोरं उकडून निघतात.

मंगळवेढा_एक्सप्रेस
तुम्ही स्वस्तातला घेतला असणार. आणि रात्री लावायचा असतो तो.

कुर्डुवाडी_जंक्शन
रात्री वाचनालय उघडं कोण ठेवणार? लहान मुलींना रात्री कोण पाठवणार?

पूर्व_भाग_सोलापूर
ओ ताई, मशीनचं राहू द्या, आधी वेळ ठरवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला चाललाय, दुपारी कुठली आई पोराला बाहेर सोडतीय? सकाळी ७ ते ९ ठेवा, पत्रा तापायच्या आत पोरं घरी गेली पाहिजेत. आणि शिबिर म्हणू नका, शिबिर म्हटलं की लोक फी किती विचारतेत. दुसरं सांगतो, आमच्या भागात घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, तुमच्याकडं कन्नड नाहीतर उर्दू असंल. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून मुलांच्या गोष्टींची वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू आहे, त्यावर गोष्टी फुकट मिळतेत, खुल्या परवान्याच्या आहेत त्यामुळं छापून वाटल्या तरी चालतंय. तीच गोष्ट तीच चित्रं, भाषा वेगळी. मी भाचीसाठी एक गोष्ट मराठी आणि तेलुगू दोन्हीत छापून आणली, आजी तेलुगूतनं वाचायची आणि पोरगी मराठीतनं, आजीचा एक शब्द जरी वेगळा आला की पोरगी थांबवून विचारायची. पोरांना असं वाचायला लावा.

बारकोडवाला
मूळ प्रश्न वेगळाच आहे. तुमची देवघेव संगणकावर आहे का? नसेल तर आधी ते करा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, एक सेकंडहँड संगणक आणि स्कॅनर घेतला की कोणतं पुस्तक कोणाकडे आहे क्षणात कळतं. आमच्या कॉलेजात सगळं बारकोडवर आहे, रजिस्टर हातात धरत नाही मी.

वाचनालयवाली_ताई
सर, आमचं देवघेव रजिस्टर व्यवस्थित चालू आहे, कोणतं पुस्तक कुणाकडे ते मला तोंडपाठ आहे. प्रश्न मुलांचा आहे.

अभ्यासिका_हवी
मुलं मुलं काय लावलंय, आमच्यासारख्या स्पर्धा परीक्षावाल्यांना बसायला जागा नाही त्याचं बघा. गावात खासगी अभ्यासिका महिन्याला ८०० रुपये घेते, पंख्याचे वेगळे. ८ हजारात खुर्च्या येतील.

कुर्डुवाडी_जंक्शन
देणाऱ्याने आईच्या नावाने मुलांसाठी दिले असतील तर खुर्च्या कशा घेणार?

अभ्यासिका_हवी
मुलांसाठी दिले असं कुठे लिहिलंय? स्मरणार्थ लिहिलंय.

वाचनालयवाली_ताई
मुलांसाठीच दिलेत, लिहायचं राहिलं. पण तुमचं म्हणणं खरं आहे. दुपारी हॉल मोकळा असतो, आमच्या गावचे असाल तर येऊन बसा, पैसे नाहीत.

निवृत्त_ग्रंथपाल_काका
ताई, मी नोकरीभर हेच काम केलं म्हणून जरा लांब लिहितो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान कोलकात्याला आहे, १९७२ सालचं, त्यांच्या योजनांमधून सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं मिळतात, बालविभागालाही. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करा आणि प्रस्ताव द्या. मात्र कागदपत्रांना वेळ लागतो, या सुट्टीत काही हातात पडणार नाही, पुढच्यासाठी आत्ता द्या. ग्रंथालयशास्त्राचे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुमच्याकडे बालविभागाचं कपाट कुलपात आहे का? बहुतेक ठिकाणी असतं. ते उघडा, पुस्तकं मुलांचा हात पोचेल अशा फळीवर पालथी नको, मुखपृष्ठ समोर येईल अशी लावा. खर्च शून्य. आणि फळा बाहेर आणा!

किशोर_जुने_अंक
बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. आमच्या मुलाने सुट्टीत त्यातली कोडी सोडवली, मी फक्त पानांची प्रिंट काढून आणत होते. ८ हजारात केवढ्या प्रिंट निघतील विचार करा.

मोहोळची_मावशी
बातम्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप अजिबात नको. आमच्या वाचनालयाने काढला, चार दिवसांत सगळीकडून सुप्रभात आणि फुलांचे फोटो, मग राजकारणावरून दोघांची भांडणं, शेवटी कार्यवाहांनी बंद केला. ब्रॉडकास्ट लिस्टही नीट चालत नाही कारण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. चॅनल काढा, त्यात लोकांना वाचता येतं, लिहिता येत नाही.

मंगळवेढा_एक्सप्रेस
व्हॉट्सॲप ग्रुप काढा, आमचा मस्त चाललाय, प्रोजेक्टरचा कार्यक्रम त्यावरच कळवतो.

मोहोळची_मावशी
वर तेच लिहिलं ना मी, ग्रुप नको म्हणून.

भैय्या_चौक
मुलांना एक दिवस सोलापूरला आणा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म इथला, १० ऑक्टोबर १९१०, भैय्या चौकात त्यांच्या घरात स्मारक आहे. युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पोरांनी आधी त्यांच्याविषयी वाचायचं आणि मग ते घर बघायचं. एसटीत १२ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, सोबत येणाऱ्या आयांना २०२३ पासून निम्मं.

बारकोडवाला
सहलीचा वाचनालयाशी काय संबंध?

भैय्या_चौक
वाचून मग बघायला जायचं, हाच संबंध. बारकोडने एकतरी पोरगं वाचायला लागलं का?

वाचनालयवाली_ताई
सगळ्यांचे आभार. कार्यवाहांशी बोलले, ठरलंय. प्रोजेक्टर नाही, संगणक नाही, प्रिंटही नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं घेणार आहे, सहाच शीर्षकं, पण प्रत्येकाच्या १५ प्रती. एक पुस्तक साठ-सत्तर रुपयांच्या आत बसलं पाहिजे. आमच्याकडे मुलांची पुस्तकं आहेत पण प्रत्येकाची एकच प्रत, एक जण वाचतो तेव्हा बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक असेल तर एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पुढचं पान, आणि घरी गेल्यावरही गल्लीत त्याच गोष्टीवर बोलणं होईल. सकाळी ७ ते ९ मात्र नक्की, पूर्व भागवाल्या दादांचं ते ऐकते. बातम्यांसाठी नगरपालिकेत अर्ज दिलाय. घंटागाडी रोज सकाळी प्रत्येक गल्लीत जाते, कचरा ओला सुका वेगळा करा सांगते, त्यातच अर्धा मिनिट आमचं रेकॉर्डिंग लावा म्हणून. फोन नसलेल्या आजीलाही ऐकू जाईल.

मंगळवेढा_एक्सप्रेस
एकाच पुस्तकाच्या १५ प्रती म्हणजे पैसे वाया. त्यात ९० वेगळी पुस्तकं आली असती.

किशोर_जुने_अंक
मलाही तेच वाटतं, मुलांना विविधता लागते.

पूर्व_भाग_सोलापूर
घंटागाडीचं लई भारी सुचलंय ओ ताई. एका वाक्यात कन्नडपण टाका.

वाचनालयवाली_ताई
वेगवेगळी पुस्तकं आमच्या कपाटात आहेत, ती वाचली जात नाहीत हीच तर अडचण आहे. १५ प्रतीच घेणार. कन्नडसाठी शेजारच्या काकूंना विचारते, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

निवृत्त_ग्रंथपाल_काका
मी तुझ्या जागी असतो तर पाच प्रतींवर थांबलो असतो, पण घेतेच आहेस तर ऐक. प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक टाक, दाखल रजिस्टरात (नवीन पुस्तकांची नोंद होते त्या वहीत) देणगीदाराच्या आईचं नाव प्रत्येक ओळीत लिही आणि इतक्या प्रती का घेतल्या त्याचा कार्यकारी मंडळाचा ठराव करून ठेव. तपासणीला पहिला प्रश्न तोच येईल.