आजारपणामुळे खेळ सुटलेला बेसबॉलपटू सुचवा (मुलीच्या भाषणासाठी)

चकलीताई: आम्ही न्यू जर्सीत. लेक नववीत आहे, शाळेत पाच मिनिटं बोलायचंय: आजारपणाने कारकीर्द अर्ध्यावर सुटलेला खेळाडू. बाईसाहेबांना बेसबॉलवालाच हवा, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. निम्मा वर्ग लू गेरिगवर बोलणार म्हणे. दुसरं कोण?

बाकावरचा: दुसरं कशाला? सलग २१३० सामने खेळलेला माणूस १९३९च्या मे महिन्यात स्वतःच मॅनेजरला सांगतो, आज मला खेळवू नका. छत्तिसाव्या वाढदिवशी एएलएसचं (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) निदान, दोन वर्षांत गेला. गेरिगच घ्या.

सदू_ह्यूस्टन: गेरिग थोरच, पण निम्म्या वर्गाने तेच ऐकवल्यावर हिचं कोण ऐकणार? जे. आर. रिचर्ड घ्या. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), सहा फूट आठ इंच. १९७९ मध्ये ३१३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद केलेले फलंदाज). १९८० मध्ये म्हणायला लागला, हात जड होतोय, बोटं बधिर होतात. जुलैत कॅचरच्या (समोर बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणाही नीट दिसेनात. लोक काय म्हणाले? आळशी आहे. त्याच संघातल्या पिचर नोलन रायनला वर्षाला दहा लाख डॉलर मिळाले म्हणून रुसलाय. (आपल्याकडे 'नाटकं करतोय' म्हणतात ना, तेच.) हॉस्पिटलात तपासलं तर उजव्या हाताच्या रक्तवाहिनीत अडथळा. ३० जुलैला अ‍ॅस्ट्रोडोम या संघाच्या मैदानात सराव करताना कोसळला. पक्षाघात. वय ३०. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वांत वरची बेसबॉल स्पर्धा) पुन्हा कधीच खेळला नाही. नव्वदच्या दशकात काही काळ पुलाखाली राहत होता. २०२१ मध्ये गेला.

बाकावरचा: हे माहीत नव्हतं. तरी सँडी कौफॅक्स या पिचरचं नाव टाकून ठेवतो. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून तिसाव्या वर्षी निवृत्त. कोपराचा संधिवात.

सदू_ह्यूस्टन: कोपरावर शाळेतल्या बाई वाद घालतील, आजार की दुखापत म्हणून. पाच मिनिटांत तो वाद नको.

चकलीताई: लेकीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: अडथळा सापडला होता तर मैदानात सोडलाच कसा?

सदू_ह्यूस्टन: सामना नव्हता हो, हलका सराव होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं होतं. भाषणाची सुरुवात या प्रश्नानेच करायला सांगा. आकडे एकदोनच, ३१३ पुरे.

चकलीताई: तिने वहीत '३१३' लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. आता पक्षाघाताचं स्पेलिंग विचारतेय, ते मलाही येत नाही.