मदत हवी आहे : आईच्या हातचं येसर

नमस्कार. आई जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला भावंडं परभणीला जमणार आहेत. त्या दिवशी आईची येसराची, म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी नि मसाले दळून केलेल्या पिठाची आमटी व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

तिने केलेलं येसर बरणीच्या तळाशी दोन चमचे उरलंय. ते मी वापरत नाही. कधीतरी झाकण उघडून वास घेते, लगेच बंद करते.

आईने काही लिहून ठेवलं नाही. ‘अदमासानं घे माय’ म्हणायची. मला आठवतं ते असं : गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि थोडी उडदाची डाळ वेगवेगळी भाजायची, धने-जिरे शेवटी. मंद आचेवर, घाई अजिबात नाही. बाजरी तडतडली की मला हाक मारायची. मग दगडफूल, तमालपत्र, सुक्या मिरच्या तेलावर परतून सगळं एकत्र दळायचं.

मी दोनदा करून पाहिलं. एकदा आमटी पिठल्यासारखी घट्ट झाली, दुसऱ्यांदा कडवट. दगडफूल जास्त पडलं की धने करपले?

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या ताई-मावश्यांनो, किलोभर धान्याला धने आणि दगडफूल किती घेता? गहू डाळीपेक्षा जास्त की कमी? आमच्याकडे लग्नातल्या आमटीला लालसर तवंग यायचा, तो कशाने? तुमच्या आईचं माप असेल तर वाटी-चमच्यात सांगितलं तरी चालेल.