आठवड्याच्या सहा भागांवर मत लिहायचं, तर 'नुसतं पाणी घातलंय' याच्या पुढे कसं जायचं?

उशाखालचा_रिमोट

दैनिक मालिकेचे सोमवार ते शनिवारचे सहा भाग झाले की मत लिहितो. या आठवड्याचा हिशोब असा:

सोमवारी थोरल्याला कपाटात वडिलांचं पत्र सापडतं, आपल्यालाही वाचायला मिळतं. मंगळवारी धाकटी दाराआडून ते बघते. बुधवारी चारही भावंडं जिन्यात, "हे पाकीट कुणी उघडलं?" या एका वाक्यावर चौघांचे चेहरे तीन-तीनदा, भाग संपला. गुरुवारी आई आणि धाकटी चादरींच्या घड्या घालतात, बस्स. शुक्रवारी वकील येऊन सगळं फोडतात आणि शेवटी ते थोरल्याचं स्वप्न निघतं. शनिवारी पत्र परत कपाटात.

माझं मत: "आठवडाभर नुसतं पाणी. संवादलेखकाला काही सुचत नाहीये. बुधवार असह्य, गुरुवार विनाकारण." वाचणाऱ्याला यातून काही कळत नाही हे मलाही दिसतंय. नेमकेपणा कसा आणायचा?

घड्याळ_हातात

पाणी घातलंय म्हणता, तर किती घातलंय ते मोजा. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा भाग असतो. त्यातून उजळणी, शीर्षकगीत, प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा दाखवलेलं आधीचं शेपूट आणि प्रीकॅप, म्हणजे शेवटी दाखवलेली पुढच्या भागाची झलक, वजा करा. समजा उजळणी १ मिनिट, शीर्षकगीत अर्धा, तीन शेपटं २० सेकंदांची म्हणजे आणखी १, प्रीकॅप अर्धा. भागाला ३ मिनिटं गेली, आठवड्याला १८. १३२ पैकी ११४ उरली. तुमच्या मालिकेचा आकडा घड्याळ लावूनच काढा, अंदाजाने नको.

मग वहीत प्रत्येक प्रसंगापुढे एकच नोंद: तो संपल्यावर कुणाला काय नवं कळलं? आपल्याला कळणं वेगळं, पात्राला कळणं वेगळं. सोमवारी आपल्याला आणि थोरल्याला, मंगळवारी धाकटीला, बुधवारी उरलेल्या दोघांना. म्हणजे कथा चालली, पण तिन्ही पावलं पहिल्या तीन दिवसांतच. खरा रिकामा भाग शुक्रवारचा. स्वप्न निघाल्यावर त्यात कळलेलं सगळं पुसलं गेलं. राग मात्र तुम्ही बुधवारवर काढलाय.

आणि १.२५ वेगाने पाहून संथपणावर बोलू नका, संवादांमधले थांबे त्यात आधीच चेंगरलेले असतात. सहाही भाग एका बैठकीत पाहिले तर उजळणी डोक्यात जाते, पण ती कालचा भाग हुकलेल्यांसाठी असते. तिचा वेळ मोजा, तिच्यावर चिडू नका.

कॉलशीट

संवादलेखकाला सोडा हो! कथा, पटकथा आणि संवाद ही दैनिक मालिकेत बऱ्याचदा तीन वेगळ्या माणसांची कामं असतात. पत्र शनिवारी परत कपाटात जाणार हे संवाद लिहायला घेण्याआधीच ठरलेलं असतं. श्रेयनामावली थांबवून वाचा, मग बोट दाखवा. वाक्यं कृत्रिम असतील तर संवाद, प्रसंग चुकीच्या जागी असेल तर पटकथा, आठवडाभरात काही घडलंच नसेल तर कथा.

बुधवारच्या जिन्याचं म्हणाल तर चेहऱ्यांकडे बघू नका, धाकटीच्या ओढणीकडे बघा. सेकंदाला २५ फ्रेमने टिपलेला शॉट संकलनात निम्म्या वेगावर ताणला की साधारणपणे प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते, आणि ओढणी झुळझुळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने हलते. मुळातच जास्त फ्रेमने टिपलेलं स्लो मोशन गुळगुळीत दिसतं. गुळगुळीत असेल तर ती दिग्दर्शकाची निवड, तिला आवडलं-नावडलं म्हणा. धक्के खात असेल तर बहुधा भाग लांबीला कमी पडला आणि तो भरून काढला. तिसऱ्या फेरीतले चेहरे पहिल्या फेरीतलेच आहेत का तेही ताडून बघा. पापणी त्याच जागी लवली तर शॉट तोच.

कथेतला काळ कपड्यांवरून काढायचा. सोमवार ते बुधवार अंगावर तेच कपडे असतील तर तीन भाग म्हणजे कथेतला एकच दिवस, आणि "तीन दिवसांत कुणी आईला कसं विचारलं नाही" ही तक्रार बाद. एखादं पात्र सलग काही भाग फक्त फोनवर बोलतंय, पाठमोरं दिसतंय, इतरांबरोबर एका चौकटीत येतच नाही, असं असेल तर नटाच्या तारखा नसाव्यात. तो तर्क आहे, तर्क म्हणूनच लिहा.

घडी_मोडू_नका

@घड्याळ_हातात, तुमच्या वहीत गुरुवारला शून्य मिळेल. तोच आठवड्यातला सर्वांत चांगला प्रसंग आहे.

चादरीची दोन टोकं आईकडे, दोन धाकटीकडे. टोकं जुळवायला दोघी जवळ येतात, पुन्हा लांब जातात. दर वेळी जवळ आली की वाटतं, आता ही विचारणार. आणि ती चादरीची शिवण बघत बसते. पार्श्वसंगीत नाही, चादर झटकल्याचा आवाज तेवढा. पत्राबद्दल आपल्याला ठाऊक, धाकटीला ठाऊक, आईला नाही. नवं काहीच कळत नाही, पण मंगळवारी कळलेल्याचं ओझं इथेच पहिल्यांदा दिसतं. पाणी कसलं, आठवड्याचा अर्क आहे तो.

घड्याळ_हातात

मान्य. वहीत दुसरा रकाना आखायचा: आधी कळलेल्याचा परिणाम दिसला का? गुरुवार त्यात भरभरून पास. पण त्या रकान्याची सूट बुधवारच्या तिसऱ्या फेरीला देऊ नका, पहिल्या फेरीत जो परिणाम दिसला तोच पुन्हा दाखवलाय.

प्रीकॅपची नोंद वेगळी ठेवा. गुरुवारच्या शेवटी वकील दारात दाखवले, तो शॉट शुक्रवारी आला, पण स्वप्नात. शॉट दिला, घटना दिली नाही. सहापैकी किती प्रीकॅपनी घटना दिली तो आकडा मतात टाका, विशेषणाची गरज उरत नाही.

उशाखालचा_रिमोट

ओढणी तपासली. तिसऱ्या फेरीत धक्के आहेत, थोरल्याचा शॉटही पहिल्या फेरीतलाच. कपडे सोमवार ते गुरुवार तेच. नवा मसुदा:

"कथा पुढे गेली ती बुधवारपर्यंत. बुधवारचं वाक्य योग्य जागी आहे, पण तिसरी फेरी लांबी भरण्यासाठी वाटते, ती कापायला हवी होती. गुरुवारची चादर चुकवू नका. शुक्रवारच्या स्वप्नाने वकिलांचं खरं येणं आधीच वापरून टाकलं, ही पटकथेची चूक. शनिवारी पत्र परत गेलं तरी चारही भावंडांना ठाऊक आहे, त्यामुळे आठवडा वाया गेलेला नाही."

एक शंका. सोमवारी पाकिटाचा कोपरा फाटलेला होता, शनिवारी अखंड दिसला. दुसरं पाकीट आहे असं लिहू का?

कॉलशीट

घाई नको. हातातल्या वस्तूचे जवळचे शॉट पुष्कळदा वेगळ्या दिवशी उरकतात, तेव्हा हाताशी असेल ते पाकीट आणि असेल त्याचा हात. शनिवारच्या शॉटमध्ये थोरल्याची अंगठी दिसते का बघा. अंगठी नसेल तर हातही त्याचा नाही, कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी न जुळण्याची, चूक म्हणून एका ओळीत नोंदवा. अंगठी असेल आणि लांबच्या शॉटमध्येही कोपरा अखंड असेल, तर पुढच्या आठवड्यात कपाट कोण उघडतं त्यावर लक्ष ठेवा.