दादासाठी थार की जिम्नी? व्हीलचेअरवरून स्वतः चढायचंय, स्वतः चालवायचीय, रस्ता पाणंदीचा

वेल्ह्याची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा दादा, वय ३८. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये जांभळं काढताना फांदी मोडली आणि खाली पडला, डी-१२ ला, म्हणजे पाठीचा बारावा मणका मोडला. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, पण कमरेखाली ताकद नाही आली. हात एकदम दणकट आहेत, घरात सगळं स्वतःचं स्वतः करतो, पलंगावरून खुर्चीत खुर्चीतून संडासच्या सीटवर सगळं. आधी पिकअप आणि ट्रॅक्टर दोन्ही चालवायचा.

आमचं घर रस्त्याला आहे पण वावर आत तीन किलोमीटर. पाणंद, मध्ये एक ओढा आणि शेवटी एक चांगलाच उभा चढ. आत्ता त्याला शेतावर जायचं म्हणजे दोघं जण त्याला उचलून पिकअपमध्ये बसवतात, खुर्ची मागे टाकतात, परत तिथे उचलून उतरवतात. भात लावणीच्या वेळी रोज माणसं कुठून आणायची. आणि मुख्य म्हणजे त्याला ते उचलणं नकोच झालंय, गेल्या वर्षभरात तो फक्त पाच सहा वेळा शेतावर गेलाय. मागच्या महिन्यात म्हणाला "मला माझी गाडी दे, मी माझा जाईन."

तर फोर बाय फोर ऑटोमॅटिक घेऊन हँड कंट्रोल (ब्रेक-ॲक्सिलरेटर पायाऐवजी हाताने) बसवायचे असा विचार आहे. थार की जिम्नी? बसवून कोण देतं, आरटीओत काय भानगड असते, आणि दादा खरंच एकटा जाऊ शकेल का? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

डी१०_आणि_डोंगर

ताई, मी स्वतः डी-१०, बाईक ॲक्सिडेंट. २०२१ पासून थार ऑटोमॅटिक चालवतोय, मुळशी, ताम्हिणी, वरंधा, नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे. दादाला सांगा होतं. पण गाडी कुठली हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न चढायचं कसं.

थारची सीट खुर्चीपेक्षा बरीच उंच आहे. आधी टेप घेऊन मोजा, खुर्चीवर उशी टाकून जमिनीपासून किती आणि गाडीच्या सीटचा काठ किती. पाच सहा इंचाचा फरक दणकट हाताचा माणूस ट्रान्सफर बोर्ड (खुर्ची आणि सीटच्या मध्ये टाकायची सरकायची फळी) न घेता मारतो, फूटभर असेल तर रोज रोज खांदे जातात आणि आपले खांदे म्हणजेच आपले पाय आहेत, ते गेले की घरातलं सुद्धा स्वतःचं स्वतः करता येणार नाही. मी पहिल्या वर्षी हट्टाने थेट चढायचो, उजवा खांदा धरला तो अजून थंडीत बोलतो. नंतर दाराच्या खालच्या पट्टीला घडी होणारी एक मधली सीट लावून घेतली, खुर्चीतून तिच्यावर, तिच्यावरून आत. दोन टप्पे झाले की सोपं होतं.

आता कंट्रोल. पुश पुल म्हणजे दांडा पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. डांबरी रस्त्यावर कुठलंही चालतं, कच्च्यावर मात्र दोन गोष्टी होतात त्या शोरूमवाला सांगणार नाही. एक म्हणजे चढावर आपलं अंग मागे जातं, पोटाचे खालचे आणि कमरेचे स्नायू आपल्याला नीट धरत नाहीत, मग हात आपोआप दांडा ओढतो आणि गाडी नको तेव्हा जोर घेते. दुसरं म्हणजे खड्ड्यात हात उडाला की ॲक्सिलरेटर उडतो, त्याने गाडी अजून उसळते, त्याने हात अजून उडतो. यावर उपाय म्हणजे छातीला पट्टा, आणि कोपराला घट्ट टेकायला जागा. कोपर टेकलेलं असेल आणि फक्त मनगट हलत असेल तर हे सगळं थांबतं. आणि चढाला सरळ फोर लो (चारी चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकायचा, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक गाडी त्यात ॲक्सिलरेटर न देता सुद्धा मुंगीच्या चालीने बऱ्यापैकी चढते, मग हाताला फक्त ब्रेक सांभाळायचा उरतो. उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारा हिल डिसेंट आहेच, थारला पण आणि जिम्नीला पण.

दांडा कुठल्या बाजूला हे बसवायच्या आधी ठरवा. बरेच जण डावीकडे बसवून देतात कारण तिथे जागा असते. पण आपल्याकडे गिअर आणि फोर बाय फोरचा लिव्हर डावीकडे, म्हणजे चढावर थांबून फोर लो टाकायचा तर ज्या हाताने ब्रेक धरलाय तोच हात सोडावा लागणार. दाराच्या बाजूला दांडा असेल तर उजव्या हाताने ब्रेक धरून डावा हात मोकळा. त्यात अडचण एवढीच की चढताना उतरताना गुडघ्याला आडवा येतो, म्हणून घडी होणारा किंवा निघणारा मागा.

एक अनुभव सांगतो, कोणी स्वस्तात सुचवलं तर आठवावा म्हणून. माझा पहिला दांडा मी एका ओळखीच्या वेल्डरकडून थेट पेडलला वेल्ड करून घेतला होता. आठ महिन्यांनी उतारावर तो वेल्ड सुटला. हँडब्रेक ओढून गाडी बांधाला लावली म्हणून आज लिहितोय. पेडलला क्लॅम्पने आवळणारं, मान्यता असलेलं किटच घ्या, त्याचा अजून एक फायदा म्हणजे घरातलं दुसरं कोणी पायाने पण चालवू शकतं. आणि हँडब्रेक ओढायचाच असलेली गाडी बघा, इंजिन बंद पडलं की हाताने ब्रेक दाबायला भयानक जड होतो, तेव्हा तोच कामी येतो.

चारचाकी_चिखल

वरचं सगळं बरोबर. मी धडधाकट आहे पण आमच्या ग्रुपमध्ये एक जण हँड कंट्रोलवर चालवतो त्यामुळे थोडं माहितीय.

कच्च्यावर जाताना टायरची हवा कमी करा, १८ ते २० पीएसआयपर्यंत आणली तर अर्धे धक्के टायरच खातो, हाताला एकदम फरक कळतो. परत डांबरीवर यायच्या आधी भरायची, त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा जो खिडकीतून पाइप बाहेर काढून कोणीही लावेल. स्टेपनी मागच्या दाराला असते, दादा एकट्याने ती उतरवू शकणार नाही, तीन किलोमीटरसाठी पंक्चरचा फोम आणि फोन एवढं बास. फोनला रेंज कुठे आहे कुठे नाही ते आधी चालत जाऊन बघून या.

ओढ्याचं मात्र स्पष्ट सांगतो. थारचा ६५० मिमी पाण्याचा आकडा सगळे सांगतात, तो वाहत्या पाण्यासाठी नाही. गुडघाभर वाहतं पाणी गाडी ढकलतं, आणि गाडी ओढ्यात बंद पडली तर आपण उतरून चालत निघतो, दादा नाही निघू शकत. पाण्याला ओढ असेल त्या दिवशी जायचं नाही हे घरात आधीच ठरवून टाका. ओढ्याच्या काठावर एक दगड रंगवून खूण करा, पाणी खुणेच्या वर म्हणजे गाडी माघारी.

मुळशी_रोड

कागदांचं मी सांगतो, वडिलांच्या गाडीचं सगळं मीच केलंय.

एरवी गाडीत बदल केले की आरटीओ हरकत घेतं, पण दिव्यांगांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर 'अडॅप्टेड व्हेइकल' असा शब्द आलाय, आधी त्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे. बदल करून घ्या, मग आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करा. नोंद करायची विसरू नका कारण पुढचं सगळं त्यावर अडतं. नवीन गाडी असेल तर फॉर्म २० मध्ये मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' टाका. लायसन्सवर पण अडॅप्टेड व्हेइकलचा वर्ग घ्यावा लागेल, त्याची टेस्ट त्याच बदललेल्या गाडीवर होते.

जीएसटीच्या सवलतीच्या नादात मात्र थार बघू नका. ती सवलत पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत होती, लांबी चार मीटरच्या आत. थार आणि जिम्नी दोन्ही ३९८५ मिमी म्हणजे लांबीत बसतात, पण जिम्नीचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, आणि थारमधलं सवलतीत बसणारं १.५ डिझेल फोर बाय फोरमध्ये पण नाही आणि ऑटोमॅटिकमध्ये पण नाही. म्हणजे दादाला जी हवीय ती कुठल्याच बाजूने बसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत आल्या आणि दादाला हव्यात तशा फोर बाय फोर ऑटोमॅटिक या दोन्ही ४० टक्क्यांत. मला हे फार अन्यायाचं वाटतं, ज्याच्या दारात डांबर आहे त्याला सवलत आणि ज्याच्या वाटेत ओढा आहे त्याला नाही.

बाकी मिळतं ते सोडू नका. नॅशनल हायवेचा टोल माफ आहे, त्याचा वेगळा फास्टॅग काढावा लागतो. इन्शुरन्सला बदल कळवा आणि आयएमटी १२ (दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीचं पॉलिसीतलं कलम) चं नाव घेऊन विचारा, ओन डॅमेजच्या म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर निम्मी सूट आहे, एजंट स्वतःहून सांगत नाहीत.

फिजिओ_कोथरूड

गाडीबद्दल मला कळत नाही, पण दादाच्या अंगाबद्दल थोडं लिहिते कारण ते कोणीच लिहिलेलं नाही.

गाडीच्या सीटवर नुसतं बसू देऊ नका. कच्च्या रस्त्यावर खालून धक्के आणि शिवाय सरकणं, बेडसोरला हे दोन्ही पुरतात, आणि त्याला कळणार नाही. व्हीलचेअरची उशी किंवा तशीच दुसरी सीटवर ठेवायची, ती खालून पट्ट्याने बांधायची नाहीतर वळणावर माणूस उशीसकट सरकतो. उशीने उंची वाढते, म्हणून वरती ज्यांनी मोजायला सांगितलंय त्यांना मी जोडते, गाडीच्या सीटवर पण उशी ठेवून मोजा. शेतावर पोचला की पुढे किंवा आलटून पालटून बाजूला झुकून दोन मिनिटं बुडावरचा भार काढायचा आणि रात्री आरशात किंवा वहिनींनी कातडी बघायची, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी बंद.

पायात नेहमी बूट. हीटरची हवा पायावर सोडू नका, इंजिनकडची बाजू गरम होते तिथे पाय टेकून राहिला तर भाजतो आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. पायाला झटके येतात का ते लिहिलं नाहीत. येत असतील तर पेडलपुढे आडवी पट्टी लावून घ्याच, पाय झटक्याने ब्रेकखाली अडकला तर हाताने कितीही ढकला ब्रेक लागणार नाही.

आणि निघायच्या आधी लघवीचं बघून निघायचं.

भोर_जवळ

मला एक वेगळं सुचतंय. एवढे पैसे गाडीत घालण्यापेक्षा पाणंद नीट करून घ्या ना. मातोश्री पाणंद योजनेतून आमच्या इथे दोन रस्ते झाले. रस्ता झाला की साधी ऑटोमॅटिक पण जाईल आणि दादांसारखेच गावातले म्हातारे कोतारे पण जातील.

डी१०_आणि_डोंगर

@भोर_जवळ अर्ज कराच, पण तो होईस्तोवर याने किती पावसाळे घरात बसायचं? नवीन गुलिया नावाचे माणूस आहेत, लष्कराच्या ट्रेनिंगमध्ये मान मोडली, २००४ मध्ये हँड कंट्रोलवर दिल्लीहून लडाखला मार्सिमिक लापर्यंत गाडी घेऊन गेले, अठरा हजार फुटांच्या वर. मी हॉस्पिटलमध्ये पडून होतो तेव्हा कोणीतरी मला ते सांगितलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवलो. दादाला तर तीनच किलोमीटर जायचंय.

वेल्ह्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, मी प्रिंट काढून दादाला दिलं, त्याने पेनाने खुणा केल्यात.

रविवारी मोजून आलो. उशीसकट खुर्ची ५१ सेंमी. थारला ३० सेंमीच्या वर फरक पडतोय, जिम्नीला त्याहून बराच कमी. दादा जिम्नीत बोर्डावरून तिसऱ्या प्रयत्नात स्वतः चढला, कोणी हात लावला नाही. वहिनी बाजूला तोंड करून उभी होती, तिला बघवत पण नव्हतं आणि हलवत पण नव्हतं. त्यामुळे जिम्नी ऑटोमॅटिक, वापरलेली बघतोय.

आणि दादाने एक शोधून काढलंय. घरी आणि शेतावर गाडीची सीट खुर्चीपेक्षा जेवढी उंच तेवढ्या उंचीचा ओटा बांधायचा, वर जायला उतरण, म्हणजे खुर्ची ओट्यावर न्यायची आणि सपाट सरकून आत. एक उंचीला बारा लांबी या हिशोबाने दहा फुटाच्या आसपास उतरण होतेय. घरचा ओटा गवंड्याने सुरू पण केला. वाटेत कुठे उतरायला लागलं तर बोर्ड आहेच. ओढ्याचा दगड पण रंगवलाय, पिवळा. पायाला झटके येतात, थंडीत जास्त, पेडलची पट्टी सांगितलीय.

खालचं दादा स्वतः लिहितोय.

भाऊ नमस्कार, मी दादा. दारावर कोपर टेकवायचं तुम्ही लिहिलंय ते किती उंचीवर ठेवलंय? माझा हात लांब आहे, दारावरचं हँडल खाली पडतं. आणि खुर्ची एकट्याने आत कशी घेता?

डी१०_आणि_डोंगर

दादा, खांदा सैल सोडून हात काटकोनात धरा, कोपर जिथे येईल त्याच्या बोटभर खाली. आधी जाड फोम दोरीने बांधून आठ दिवस चालवा, मग पक्कं करा. खुर्ची घडीची असेल तर अवघड आहे, सरळ फ्रेमची आणि बटण दाबून चाकं निघणारी घ्या. आधी चाकं काढून मागच्या सीटवर, मग स्वतःची सीट मागे पाडून फ्रेम छातीवरून पलीकडच्या सीटवर. आधी चिखल पुसा, मी पुसायचो नाही तर शर्ट रोज धुवायला. गाडी आली की पहिल्या दिवशी मी येतो वेल्ह्याला, पाणंदीवर सोबत बसतो.