चर्चा: वार्षिक सभा ऑनलाइनच बरी की सभागृहात?

सात रस्ता:
२०२० साली कोविडात कंपन्यांना भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हिडिओवर घ्यायची मुभा मिळाली, ती अजून चालू आहे. ती काढू नये असं माझं ठाम मत. एरवी सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात घ्यावी लागते, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या मुंबईच्या. पन्नास शेअर असलेल्या सोलापूरकराने रात्रभर सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन एक प्रश्न विचारायचा? आता दुकानात बसून, ताळेबंद पुढ्यात घेऊन विचारता येतो.

होटगी रोड:
विचारू देतात कुठे? यंदा एका कंपनीत वक्ता म्हणून आधी नाव नोंदवलं. प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच, दुसऱ्या कंपनीला दिलेल्या कर्जाबद्दल बोलायला लागलो तोच माइक बंद. वर "उत्तर ईमेलने कळवू". अजून आलेलं नाही. सभागृहात असं झालं असतं तर मागच्या रांगांतून आवाज उठला असता, अध्यक्षांना थांबावं लागलं असतं. स्क्रीनवर शेजारी कोण बसलंय तेही कळत नाही.

नवी पेठ:
होटगी रोडशी सहमत. समोरासमोर टाळाटाळ करणं जड जातं.

सात रस्ता:
माइक बंद करणं चूकच. पण खरी ताकद मतात आहे. ई-मतदान सभेआधी किमान तीन दिवस खुलं असतं आणि विशेष ठरावाला (साध्या बहुमतावर न भागणाऱ्या) विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं लागतात. म्हणूनच २०१४ मध्ये टाटा मोटर्सचे वरिष्ठांच्या मानधनाचे ठराव पडले, २०२१ मध्ये आयशर मोटर्सचा सिद्धार्थ लाल यांच्या व्यवस्थापकीय संचालक म्हणून फेरनियुक्तीचाही.

होटगी रोड:
ते मोठ्या फंडांच्या मतांनी पडले. आपली मतं म्हणजे दर्यात खसखस. शिवाय ई-मतदान आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. सभेत फक्त आधी मत न दिलेल्यांनाच मत देता येतं. अध्यक्षांचं उत्तर ऐकायच्या आधीच बहुतेकांनी मत दिलेलं असतं, मग आपल्या प्रश्नाने कुणाचं मत फिरणार?

जुळे सोलापूर:
मग मत सभेपर्यंत राखून ठेवा ना! आणि कंपनी कायद्याचं कलम १५१ कुणी काढलंच नाही. दर्शनी मूल्याने (बाजारभावाने नव्हे) २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर असलेले हजार जण, किंवा अशा भागधारकांपैकी एक दशांश, जे कमी असेल तेवढ्यांनी नोटीस दिली तर शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत छोट्या भागधारकांचा संचालक निवडायची मागणी करता येते. हजार सह्या सभागृहात जमणार नाहीत, ऑनलाइन जमतील.

होटगी रोड:
सही मी करतो. पण सभागृह आणि व्हिडिओ दोन्ही ठेवा, ही मागणी सोडणार नाही.