कोळंबीचं सुकं दिलं आणि घरमालक बोलेनासे झाले

देवगडकर

बँकेच्या बदलीवर जूनमध्ये कोलकात्याला आलोय. जादवपूरला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालक. त्यांना मी काकू म्हणतो. दचकू नका, बंगालीत काकू म्हणजे काका.

रविवारी, ३ सप्टेंबरला, ड्युरँड कपची फायनल होती. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. काकूंनी खाली टीव्हीवर बघायला बोलावलं. मला फुटबॉलमधलं गोल झाला एवढंच कळतं. ६२व्या मिनिटाला बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे बाहेर. काकू इतके खूश झाले की सगळ्यांना परत चहा सांगितला. नऊच मिनिटांत बागानचाच तो पेत्रातोस चेंडू घेऊन धावत सुटला आणि बॉक्सच्या बाहेरूनच डाव्या पायाने हाणला. गोल! माझ्या तोंडून "क्या बात है" निघून गेलं. खोलीत तेवढाच आवाज. पुढे दहा जणांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला आणि बागानने १-० ने कप नेला. चहा कुणी घेतला नाही, कपांवर साय धरली.

इथवर ठीक होतं. सोमवारी सकाळी बाजारात मोठी बागदा कोळंबी दिसली. म्हटलं काकूंचा मूड सुधारेल. आईने दिलेला मसाला आणि कोकम घालून झकास सुकं केलं आणि डबा घेऊन खाली गेलो. काकूंनी झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. "तुमि खाओ," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आज गुरुवार. जिन्यात समोर आले तरी भिंतीकडे बघतात. सकाळी पाण्याचा पंप लावताना मला हाक मारायचे, तीही बंद. याच माणसाने १२ ऑगस्टच्या रात्री मला जेवायला बसवून मोहरीतला इलिश मासा वाढला होता, वर काटे कसे काढायचे तेही शिकवलं होतं. "क्या बात है"चा एवढा राग?

गलाईवाला

अरे देवा. फायनलच्या दुसऱ्या दिवशी, जादवपूरमध्ये, ईस्ट बंगालवाल्याच्या दारात कोळंबी!

आम्ही विट्याकडचे. वडिलांनी बडाबाजारात सोनं गाळायची भट्टी लावली, तेव्हापासून इथेच. तेव्हा नीट ऐक. कोळंबी, म्हणजे चिंगडी, हे बागानचं निशाण आणि इलिश हे ईस्ट बंगालचं. बागान जिंकलं की त्यांच्या घरी चिंगडी शिजते. तू डबा दिलास, त्याचा इथला अर्थ 'कसं हरवलं तुम्हाला!' असा होतो. आणि १२ ऑगस्टचा इलिश काय तुझ्या पाहुणचाराचा होता? त्या दिवशी याच स्पर्धेच्या गटातली डर्बी, म्हणजे या दोघांची मॅच, ईस्ट बंगालने १-० ने मारली होती, नंदकुमारचा गोल. त्याआधी चार-साडेचार वर्षं त्यांनी बागानला एकदाही हरवलं नव्हतं. तेव्हा रविवारी काकू केवढी आशा लावून बसले असतील बघ. शिवाय ड्युरँड दोघांकडे सोळा-सोळा होते. आता बागानचे सतरा.

तुझा मोहल्लाही बघ. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांनी जादवपूर-बिजयगडच्या वसाहती उभ्या केल्या. त्यांना इथले मूळचे, म्हणजे घोटी लोक, बांगाल म्हणून हिणवायचे. ईस्ट बंगाल क्लब त्याआधीचा, १९२०चा. जोडाबागान नावाच्या दुसऱ्या संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोसला बाहेर बसवलं, त्या रागातून जोडाबागानचेच उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरींनी वेगळी चूल मांडली. पण घरदार सोडून आलेल्यांना गावाचं नाव उरलं ते त्या क्लबातच.

१९७५च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलला ईस्ट बंगालने बागानला ५-० धुतलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा. बागानचे काही खेळाडू लोकांच्या भीतीने ती रात्र गंगेत होडीवर राहिले, असं इथे अजून सांगतात. आमच्या भट्टीवरचा घोटी कारागीर दोन दिवस कामाला आला नाही. वडिलांनी पगार कापला नाही, काही विचारलंही नाही. आमच्या बाबांना ती अक्कल होती.

गंमत वाटते, पण कायम गंमत नसते. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोघांच्या लीग सामन्यात मारामारी, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. त्या तारखेला अजून रक्तदान होतं.

उपाय सोपा आहे. शनिवारी इलिश घेऊन जा. आणि माफीबिफी मागू नकोस, मॅचचं नाव काढू नकोस.

पेठेतला

कोल्हापुरात पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की आमच्या घरातही असंच, फक्त मासे नसतात. शिवाजी तरुण मंडळ हरलं तर चुलते जेवत नाहीत. देवगडकर, तुम्ही डबा परत घेतला हे बरं केलंत. टाकला नाही ना?

वास्कोचो

बंगाल्यांच्या भांडणात आमचं एक घुसवतो. १९९७ला फेडरेशन कपात हेच दोघे भिडले, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला १,३१,००० माणूस. बागानचे कोच अमल दत्ता आपल्या डायमंड सिस्टीमचे, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीचे, गोडवे गात होते, तिकडे कोच पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने ४-१ वाजवली, भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. बंगाली माणूस ती मॅच आजही सांगत असतो. पण ती सेमीफायनल हो! फायनलला त्याच ईस्ट बंगालला आमच्या गोव्याच्या साळगावकर क्लबने २-१ हरवलं. हे मात्र काकूंना सांगू नका.

देवगडकर

@पेठेतला, टाकतोय कुठला, दोन दिवस मीच खाल्लं.

@गलाईवाला, आज सकाळी सव्वा किलोचा इलिश घेऊन गेलो. दार काकूंनीच उघडलं. पिशवीत डोकावले, कल्ले उचलून बघितले, पोट दाबलं. मग पाच दिवसांत पहिल्यांदा बोलले: "कितीला दिला?" सांगितलं. कपाळावर हात मारून म्हणाले, अंडी धरलेला आहे, याचं तेल गेलं, तुला फसवलंय. मग आत बघून काकीमांना मोहरी वाटायला सांगितली, आणि मला म्हणाले, पुढच्या रविवारी मी बरोबर येतो, तू एकटा बाजारात जायचं नाहीस.

पंपाची हाक संध्याकाळीच आली.